इंग्लंडमध्ये उंच इमारतीत फ्लॅट घेताय? आधी बाहेरच्या भिंतीची चौकशी करा

लंडन, मँचेस्टर, लीड्स, बर्मिंगहॅम. नोकरीनिमित्त इथे आलेला मराठी माणूस पहिली दोन-तीन वर्षं भाड्याने राहतो आणि मग स्वतःचा फ्लॅट बघायला लागतो. स्टेशन किती लांब, शाळा कशी, सर्व्हिस चार्ज किती, हे सगळं आपण बारकाईने विचारतो. इमारतीची बाहेरची भिंत कशाची आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये २०१७ नंतर या प्रश्नाच्या उत्तरावर तुम्हाला कर्ज मिळेल की नाही, पुढे फ्लॅट विकला जाईल की नाही आणि आग लागली तर घरातल्यांना बाहेर पडायला किती वेळ मिळेल, हे सगळं अवलंबून आहे. म्हणून कोणती चौकशी कोणत्या क्रमाने करायची, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत. ग्लासगो किंवा कार्डिफमध्ये घर घेणार असाल तर तिथल्या सॉलिसिटरकडूनच (घराचा व्यवहार पाहणाऱ्या वकिलाकडूनच) माहिती घ्या.

हे नियम आले कुठून

पश्चिम लंडनच्या नॉर्थ केन्झिंग्टन भागात ग्रेनफेल टॉवर ही २४ मजली इमारत होती. १९७४ साली बांधून झालेली, मूळची काँक्रीटची. २०१६ मध्ये तिचं नूतनीकरण पूर्ण झालं आणि त्यात बाहेरून नवं आवरण चढवलं गेलं. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली. अग्निशमन दलाला पहिला फोन १२ वाजून ५४ मिनिटांनी गेला. आग खिडकीतून बाहेर पडून आवरणाला भिडली आणि त्या फोननंतर पाऊण तासाच्या आत इमारतीच्या माथ्यापर्यंत पोचली. ७२ माणसं गेली.

ते आवरण म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये दाबलेलं पॉलिथिन. इथे त्याला एसीएम म्हणतात. पुण्या-मुंबईत दुकानांच्या आणि ऑफिसांच्या दर्शनी भागावर जे ‘एसीपी शीट’ लावतात, त्याच जातीचं हे साहित्य. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे पत्रे आणि मध्ये तीन मिलिमीटर प्लास्टिक. दिसायला स्वच्छ आणि वजनाला हलकं. पण पॉलिथिन जळताना किलोमागे जवळपास पेट्रोलइतकीच उष्णता देतं. शिवाय ते वितळून जळते थेंब खाली गळतात आणि खालचा मजलाही पेटतो. पॅनेल आणि भिंत यांच्यामध्ये पाणी निचरून जाण्यासाठी पोकळी ठेवलेली असते. आग लागली की तीच पोकळी धुराड्यासारखं काम करते. त्या पोकळीत फोमचं ज्वलनशील इन्सुलेशन असेल तर आग आणखी भडकते.

सरकारी चौकशीचा दुसरा आणि अखेरचा अहवाल ४ सप्टेंबर २०२४ रोजी आला. अनेक दशकांच्या सरकारी दुर्लक्षावर त्याने बोट ठेवलं आणि साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांनी चाचण्यांबाबत बाजाराची दिशाभूल केली, हेही स्पष्ट शब्दांत नोंदवलं. चौकशीच्या अध्यक्षांनी सांगितलं की हे सगळे मृत्यू टाळता येण्याजोगे होते. खाली जे नियम आणि जी कागदपत्रं येतील, त्यांच्यामागे ती ७२ माणसं आहेत. एजंट ‘ही नुसती फॉर्मॅलिटी आहे’ म्हणाला तर हे आठवा आणि कागद मागाच.

पायरी पहिली: इमारतीची उंची

कायद्यात दोन उंची महत्त्वाच्या आहेत, ११ मीटर आणि १८ मीटर. मजल्यांत सांगायचं तर पाच मजले आणि सात मजले. इथल्या मोजणीत तळमजला हा पहिला धरतात. म्हणजे आपल्या भाषेतली ‘ग्राउंड प्लस सिक्स’ इमारत ही इथे सात मजली.

उंची गच्चीपर्यंत मोजत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. इमारतीला लागून असलेल्या जमिनीच्या सर्वांत खालच्या पातळीपासून सर्वांत वरच्या राहत्या मजल्याच्या फरशीपर्यंत मोजतात. प्रत्येक मजला तीन मीटरचा धरला, तर सातव्या मजल्याची फरशी येते सहा गुणिले तीन, म्हणजे बरोबर १८ मीटरवर. जमीन उतारावर असेल, तर पुढून सहा मजली दिसणारी इमारत मागच्या बाजूने सात मजली भरू शकते. शेफील्डसारख्या चढ-उताराच्या शहरात हा फरक पडतो. त्यामुळे नुसत्या अंदाजावर जाऊ नका, कागदावर नोंदलेली उंची मागा.

१८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतींना कायदा ‘हायर रिस्क’ म्हणतो. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी अॅक्टनुसार अशा प्रत्येक इमारतीची बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटरकडे नोंदणी सक्तीची आहे. वापरात असलेल्या इमारतींसाठी मुदत होती १ ऑक्टोबर २०२३. या नोंदणीची यादी सर्वांसाठी खुली आहे आणि पोस्टकोड टाकून पाहता येते. हे काम फुकट आणि पाच मिनिटांचं आहे, म्हणून सर्वांत आधी हेच करा. सात मजली इमारत यादीत सापडली नाही, तर विक्रेत्याला कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. नोंदणीत ‘प्रिन्सिपल अकाउंटेबल पर्सन’ म्हणून एकाचं नाव असतं. इमारतीच्या सुरक्षिततेसाठी कायद्याने जबाबदार धरलेली व्यक्ती किंवा संस्था ती हीच. हे नाव टिपून ठेवा, पुढे लागेल.

पायरी दुसरी: इमारत कधी बांधली, आवरण कधी चढवलं

२१ डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटर आणि त्यावरच्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतीत ज्वलनशील साहित्य वापरायला बंदी आहे. भिंतीत वापरलेलं साहित्य युरोपीय वर्गवारीत ए१ किंवा ए२-एस१,डी० याच दर्जाचं असावं लागतं. कागदांवर हा दर्जा वारंवार दिसेल, म्हणून तो वाचायला शिकून घ्या. पहिलं अक्षर आगीला मिळणारा हातभार सांगतं. ए१ म्हणजे अजिबात न जळणारं, उदाहरणार्थ वीट, काँक्रीट, दगडी लोकर. तिथून एफपर्यंत दर्जा खाली उतरत जातो. ‘एस’ म्हणजे धूर, एस१ सर्वांत कमी आणि एस३ सर्वांत जास्त. ‘डी’ म्हणजे जळते थेंब, डी० म्हणजे थेंब पडतच नाहीत. बाल्कनीही या बंदीत येते. खिडक्यांच्या चौकटी, सील, काही पातळ पापुद्रे अशा मोजक्या गोष्टींना सूट आहे.

१ डिसेंबर २०२२ पासून आणखी एक बंदी लागू झाली. पॉलिथिनचा गाभा असलेलं, ग्रेनफेलवर होतं त्या प्रकारचं पॅनेल आता कोणत्याही उंचीच्या, कोणत्याही वापराच्या नव्या इमारतीवर लावता येत नाही.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. बंदी आहे म्हणजे सगळ्या इमारती सुरक्षित झाल्या, असा अर्थ काढला जातो. ही बंदी नव्या बांधकामाला आणि भिंतीवर नव्याने होणाऱ्या कामाला आहे. २००५ किंवा २०१४ साली लावलेलं पॅनेल तिने आपोआप उतरत नाही. जुन्या इमारतींसाठी वेगळे कायदे आणि वेगळे निधी आहेत, आणि काम अजून सगळीकडे पुरं झालेलं नाही. त्यामुळे २००० ते २०१८ या काळात बांधलेल्या किंवा बाहेरून नव्याने सजवलेल्या इमारतीबाबत जास्त सावध राहा.

आणि केवळ एसीएम नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये बोल्टन इथे ‘द क्यूब’ या विद्यार्थी वसतिगृहाला आग लागली, तिथे हाय प्रेशर लॅमिनेटची (राळेत भिजवलेले कागदाचे थर दाबून केलेली, जळणारी) पॅनेलं होती. त्याच वर्षी जूनमध्ये पूर्व लंडनच्या बार्किंग भागात एका निवासी इमारतीच्या लाकडी बाल्कन्या पेटल्या आणि काही मिनिटांत आग मजल्यामागून मजला चढत गेली.

पायरी तिसरी: कागद मागा

फ्लॅट बघायला जाल तेव्हा इमारतीभोवती एक फेरी जरूर मारा. एकावर एक रचलेल्या लाकडी बाल्कन्या, पत्र्याची पॅनेलं, परांची आणि कापडी आवरण, लॉबीतल्या सूचना, हे सगळं बघा, फोटो काढा. मात्र निष्कर्ष डोळ्यांवरून काढू नका. बाहेरून वीट दिसते ती बोटभर जाडीची विटेची चकती असू शकते आणि तिच्यामागे फोम असू शकतो. भिंतीच्या आत काय आहे हे तज्ज्ञाने भिंत उघडून पाहिल्यावरच कळतं, आणि त्याने काय पाहिलं ते कागदावर असतं.

तीन कागद मागायचे.

पहिला, फायर रिस्क असेसमेंट. हे कायद्याने सक्तीचं आहे. २०२१ च्या फायर सेफ्टी अॅक्टने (अंमल १६ मे २०२२ पासून) स्पष्ट केलं की या तपासणीत इमारतीचा सांगाडा, बाहेरच्या भिंती आणि प्रत्येक फ्लॅटचं मुख्य दारही येतं. त्याआधी मालक ‘बाहेरची भिंत आमच्या कक्षेत येत नाही’ असं म्हणू शकत होते. तारीख पाहा. मग शेवटी कामांची यादी असते, ती पाहा. कोणतं काम तातडीचं, त्याला मुदत किती आणि ते झालं का. माझ्या मते सगळ्या अहवालात सर्वांत जास्त सांगणारं पान हेच. ‘हाय प्रायॉरिटी’ म्हणून लिहिलेलं काम दोन अहवालांत तसंच पुढे ढकललेलं दिसलं, तर त्या मालकाचा कारभार कसा आहे हे समजतं.

दुसरा, बाह्य भिंतीचं मूल्यमापन. याला ‘एफआरएईडब्ल्यू’ म्हणतात आणि ते पीएएस ९९८० या जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीनुसार केलेलं असावं. त्यात धोका कमी, मध्यम की जास्त, ते लिहिलेलं असतं.

तिसरा, ईडब्ल्यूएस-१ फॉर्म. सॉलिसिटर आणि बँका ज्याचं नाव सारखं घेतात तो हाच. डिसेंबर २०१९ मध्ये सर्व्हेअर्सच्या आणि बँकांच्या संघटनांनी मिळून तो सुरू केला. तो कायद्याने सक्तीचा नाही, पण अनेक बँका त्याशिवाय कर्ज देत नाहीत. एक फॉर्म संपूर्ण इमारतीसाठी असतो आणि पाच वर्षं चालतो. त्यात पाचपैकी एका रकान्यावर खूण असते, तिचा अर्थ असा (इथले ए१, ए२ हे रकाने आहेत, वर सांगितलेला साहित्याचा दर्जा नव्हे):

ए१, ए२, ए३: मुख्य भिंतीतलं साहित्य आग पसरवेल अशी शक्यता नाही. ए१ मध्ये बाल्कनीसारख्या जोडभागांतही लक्षणीय ज्वलनशील साहित्य नाही. ए२ मध्ये जोडभाग तपासले आहेत आणि काम करावं लागणार नाही. ए३ असेल तर जोडभागांसाठी खर्च निघू शकतो, तेव्हा अधिक विचारा.

बी१: भिंतीत ज्वलनशील साहित्य आहे, पण धोका कमी आहे, काम नको.

बी२: ज्वलनशील साहित्य आहे आणि दुरुस्ती करावीच लागेल.

फॉर्मवर सही करणाऱ्याची पात्रता आणि व्यावसायिक संस्था लिहिलेली असते. ती सॉलिसिटरला पडताळायला सांगा, कारण बनावट सह्यांची प्रकरणं पूर्वी समोर आली आहेत. आणि हा फॉर्म फक्त बाहेरच्या भिंतीपुरता आहे. आतली दारं, जिना, अलार्म यांच्याबद्दल तो काही सांगत नाही. म्हणून ए१ मिळाला तरी पहिला कागद हवाच.

प्रत्येक इमारतीला हा फॉर्म लागतोच असंही नाही. सर्व्हेअर्सच्या २०२१ च्या मार्गदर्शनाप्रमाणे चार किंवा कमी मजल्यांच्या इमारतीला एसीएम किंवा तत्सम पॅनेलं असतील तरच तो मागावा. पाच-सहा मजल्यांना त्या पॅनेलांबरोबरच आवरणाचं प्रमाण आणि एकावर एक असलेल्या ज्वलनशील बाल्कन्या बघितल्या जातात. सहाच्या वर कसलंही आवरण असलं तरी फॉर्म मागतात. साध्या विटेच्या तीन मजली इमारतीसाठी कोणी फॉर्म मागत असेल, तर कारण लेखी विचारा.

पायरी चौथी: लीजचा इतिहास, म्हणजे १४ फेब्रुवारी २०२२

आपल्याकडच्या सवयीमुळे या पायरीवर हमखास गोंधळ होतो. महाराष्ट्रात फ्लॅट घेतला की आपण सोसायटीचे सभासद होतो आणि कन्व्हेयन्स झाल्यावर जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर येते. इंग्लंडमध्ये बहुतेक फ्लॅट लीजवर मिळतात. ९९, १२५, २५० किंवा ९९९ वर्षांचा हक्क तुमचा, पण इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची. दुरुस्ती फ्रीहोल्डर किंवा त्याचा मॅनेजिंग एजंट करतो आणि बिल सर्व्हिस चार्जमधून तुमच्याकडे येतं. ग्रेनफेलनंतर आवरण बदलण्याची बिलं अशीच लीजधारकांच्या दारात आली. काहींना हजारो पौंडांची मागणी झाली. विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही, कारण बँक कर्ज देईना.

बिल्डिंग सेफ्टी अॅक्टने यावर संरक्षण दिलं. ११ मीटर किंवा पाच मजले आणि वरच्या इमारतीतलं लीज ‘क्वालिफाइंग’ असेल, तर धोकादायक आवरण काढण्या-बदलण्याचा एक पेनीही खर्च लीजधारकावर टाकता येत नाही. आवरणाव्यतिरिक्तच्या अग्निसुरक्षा दोषांसाठी (आगरोधक दारं, पोकळीतून आग पसरू नये म्हणून बसवायचे अडथळे, रात्रंदिवसाची गस्त) कमाल मर्यादा आहे. बहुतेकांसाठी ती लंडनमध्ये १५,००० पौंड आणि बाहेर १०,००० पौंड, तीही दहा वर्षांत विभागून. फ्लॅटची किंमत दहा लाख पौंडांहून जास्त असेल तर मर्यादा वाढते. लंडनमध्ये ३,२५,००० आणि बाहेर १,७५,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर काहीच द्यावं लागत नाही. इमारतीचा मालक स्वतःच बिल्डर असेल किंवा बिल्डरशी संबंधित असेल, तरीही लीजधारकाला काही द्यावं लागत नाही.

क्वालिफाइंग कोण? लीज १४ फेब्रुवारी २०२२ पूर्वी दिलेलं हवं, २१ वर्षांहून लांब हवं आणि त्या दिवशी ज्याच्या नावावर होतं त्याचं ते मुख्य राहतं घर हवं, किंवा त्याची युनायटेड किंगडममध्ये मिळून तीनपेक्षा जास्त घरं नसावीत. प्रश्न त्या दिवशीच्या फ्लॅटमालकाचा आहे, तुमचा नाही. तुमची पुण्यात दोन आणि नाशिकला एक घर असली तरी इथे काही बिघडत नाही. उलट त्या दिवशी तो फ्लॅट आठ घरं असलेल्या गुंतवणूकदाराचा असेल, तर लीज क्वालिफाइंग नाही, आणि ते घेताना ती उणीव तुमच्याकडे येते. तुमचं हे पहिलं आणि एकमेव घर असलं तरी.

म्हणून विक्रेत्याकडून ‘लीजहोल्डर डीड ऑफ सर्टिफिकेट’ (लीज क्वालिफाइंग असल्याचं प्रमाणपत्र) मागा. त्याला जोडून इमारतीच्या मालकाचं ‘लँडलॉर्ड्स सर्टिफिकेट’ही मागा. ही दोन्ही हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आणखी दोन सापळे आहेत. एक, १४ फेब्रुवारी २०२२ नंतर पहिल्यांदाच विकल्या गेलेल्या नव्या फ्लॅटना हे संरक्षण नाही. मात्र २८ जून २०२२ नंतर पूर्ण झालेल्या घरातल्या दोषांसाठी बिल्डरवर १५ वर्षांपर्यंत दावा करता येतो (त्याआधी पूर्ण झालेल्या घरांसाठी ती मुदत ३० वर्षं आहे). दोन, ‘शेअर ऑफ फ्रीहोल्ड’. सगळे फ्लॅटधारक मिळून इमारतीचे मालक, म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच, म्हणून मराठी माणसाला ते जवळचं वाटतं. एरवी ते चांगलंही असतं. पण लीजधारकांच्या मालकीच्या इमारतींना या कायद्यातलं खर्चाचं संरक्षण लागू होत नाही, कारण तिथे बिल पाठवणारा आणि भरणारा एकच. अशा इमारतीची बाहेरची भिंत ज्वलनशील असेल, तर काम कोणत्या निधीतून होतंय ते लेखी पाहिल्याशिवाय हात घालू नका.

पायरी पाचवी: बँक आणि सॉलिसिटर, कधी काय

इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली तरी व्यवहार बांधील होत नाही. तो बांधील होतो ‘एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स’ला, आणि त्या वेळी साधारण दहा टक्के रक्कम गुंतते. तोवर मागे फिरता येतं, पण सर्व्हे आणि सॉलिसिटरची फी गेलेली असते. त्यामुळे इमारतीची नोंदणी, उंची आणि ईडब्ल्यूएस-१ आहे का, हे ऑफर देण्यापूर्वी एजंटला ईमेलने विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका. ऑफरनंतर सॉलिसिटर मॅनेजिंग एजंटकडून एलपीई-१ नावाचा माहितीसंच मागवतो. त्यातून फायर रिस्क असेसमेंट, गेल्या तीन वर्षांचा सर्व्हिस चार्ज, इमारतीच्या विम्याचा हप्ता आणि येऊ घातलेल्या मोठ्या कामांच्या नोटिसा मागवून घ्यायला सांगा. विम्याचा हप्ता एकदम दुप्पट-तिप्पट झालेला दिसला तर विमा कंपनीला त्या भिंतीत काहीतरी खटकलं आहे असं समजा.

जानेवारी २०२३ पासून मोठ्या बँकांनी दुरुस्ती बाकी असलेल्या इमारतींवरही कर्ज द्यायला सुरुवात केली आहे. काम सरकारी योजनेत किंवा बिल्डरच्या करारात मंजूर असेल, किंवा लीज क्वालिफाइंग असल्याचं प्रमाणपत्र असेल, तर. प्रत्येक बँकेची अट थोडी वेगळी असते, त्यामुळे मॉर्टगेज ब्रोकरला इमारतीचं नाव आधी द्या.

बी२ निघाला तर

लगेच पळ काढायची गरज नाही, पण चार उत्तरं लेखी हवीत. पैसे कोण देणार? काम कधी सुरू, कधी संपणार? तोवर रहिवाशांच्या सुरक्षेसाठी काय व्यवस्था आहे? त्याचा खर्च कोणाकडे?

पैशाचे मुख्य मार्ग तीन. १८ मीटरवरच्या इमारतींसाठी २०२० मध्ये सुरू झालेला बिल्डिंग सेफ्टी फंड. होम्स इंग्लंड ही सरकारी संस्था चालवत असलेली क्लॅडिंग सेफ्टी स्कीम, जिच्यात ११ ते १८ मीटरच्या इमारतीही येतात. आणि बिल्डरांचा करार. ५० हून अधिक मोठ्या बिल्डरांनी सरकारशी लेखी करार केला आहे, की ५ एप्रिल २०२२ पर्यंतच्या तीस वर्षांत आपण बांधलेल्या ११ मीटरवरच्या इमारतींतले जीवघेणे अग्निदोष स्वखर्चाने दुरुस्त करू. हे निधी इमारतीला मिळतात, एकेका फ्लॅटला नाही. त्यामुळे लीज क्वालिफाइंग नसलं तरी आवरणाचं काम यातून होऊ शकतं.

दुरुस्ती होईपर्यंत अनेक ठिकाणी ‘वेकिंग वॉच’ असतो. आग दिसली की रहिवाशांना उठवण्यासाठी माणसं चोवीस तास मजल्यांवर फिरत असतात. परांची आणि जाळी वर्ष-दीड वर्ष राहते, खिडकीतून उजेड येत नाही, बाल्कनी वापरता येत नाही. किंमत ठरवताना याचा विचार करा.

भाड्याने राहत असाल तर

खर्चाची चिंता तुम्हाला नाही, पण जीव तितकाच मोलाचा आहे. घर बघताना एजंटला सरळ विचारा: या इमारतीत आग लागली तर ‘स्टे पुट’ की सगळ्यांनी बाहेर पडायचं? ‘स्टे पुट’ म्हणजे आग तुमच्या फ्लॅटमध्ये नसेल तर दार लावून आतच थांबायचं. आग एका फ्लॅटमध्ये कोंडून राहील या गृहीतकावर ही पद्धत उभी आहे. ज्वलनशील आवरणाने ते गृहीतकच मोडतं. ग्रेनफेलमध्ये आत थांबण्याचा सल्ला रात्री २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेतला गेला, तोवर इमारतीच्या एकमेव जिन्यात धूर भरला होता. म्हणून धोकादायक भिंतीच्या इमारतींमध्ये आता सगळ्यांनी एकाच वेळी बाहेर पडायचं असतं. २३ जानेवारी २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार या सूचना लॉबीत लावणं आणि नव्या रहिवाशाला देणं इमारतीच्या जबाबदार व्यक्तीवर बंधनकारक आहे. मिळाल्या नाहीत तर मागून घ्या. आणि काहीही लिहिलेलं असो, तुमच्या फ्लॅटमध्ये आग किंवा धूर आला तर लगेच बाहेर पडा.

राहायला गेल्यावर

सरकारने भिंत दुरुस्त केली तरी काही गोष्टी आपल्याच हातात राहतात, आणि त्यातल्या काही आपल्या सवयींशी संबंधित आहेत.

फ्लॅटचं मुख्य दार साधारण अर्धा तास आग थोपवेल असं बनवलेलं असतं आणि आपोआप बंद होण्यासाठी त्याला वर क्लोजर असतो. दार जड लागतं, पोरांचा हात अडकेल, म्हणून काही जण तो काढून टाकतात. काढू नका. ११ मीटरवरच्या इमारतीत वर्षातून एकदा ही दारं तपासायला माणूस येतो, त्याला घरात घ्या. चपलांचं कपाट, मुलांची सायकल, दुधाचा क्रेट कॉरिडॉरमध्ये ठेवू नका. धुरात चाचपडत निघालेला माणूस त्यावर अडखळतो. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो म्हणून त्यावर पिशवी बांधायची नाही. एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, जागाच चुकीची असेल तर मालकाकडून हीट डिटेक्टर बसवून घ्या.

बाल्कनीत बांबूची जाळी, प्लास्टिकची हिरवळ, रिकामी खोकी आणि गॅसची शेगडी नको. दिवाळीत पणत्या घरात, फरशीवर, पडद्यांपासून लांब लावा आणि झोपण्यापूर्वी विझवा. बाल्कनीच्या कठड्यावर पणत्यांची ओळ लावायचा मोह होतो, पण वरच्याची बाल्कनी तुमच्या डोक्यावरच असते. ई-बाइकची बॅटरी रात्रभर दाराजवळ चार्जिंगला ठेवू नका, कारण बाहेर पडायची वाट तीच.

तक्रार करायची तर आधी मॅनेजिंग एजंटकडे, लेखी. इमारत १८ मीटरवरची असेल तर प्रिन्सिपल अकाउंटेबल पर्सनने तक्रारव्यवस्था ठेवणं बंधनकारक आहे, आणि तिथे दाद मिळाली नाही तर बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटरकडे जाता येतं. दार तुटलेलं, अलार्म बंद, जिना अडवलेला, अशा गोष्टी स्थानिक अग्निशमन दलाला कळवा, ते येऊन पाहतात. कौन्सिललाही २००४ च्या हाउसिंग अॅक्टखाली मालकावर कारवाईचे अधिकार आहेत. मालक काम टाळत असेल तर लीजधारक फर्स्ट-टिअर ट्रिब्युनलकडे दुरुस्तीच्या आदेशासाठी अर्ज करू शकतात. लीजविषयी मोफत सल्ला लीजहोल्ड अॅडव्हायझरी सर्व्हिस देते. वकील गाठण्याआधी त्यांच्याशी बोला.

शेवटची गोष्ट आई-वडिलांची. घरात कोणाला गुडघ्यांचा, दम्याचा किंवा विसरण्याचा त्रास असेल आणि जिना एकट्याने उतरता येत नसेल, तर मॅनेजिंग एजंटला कळवा. ६ एप्रिल २०२६ पासून १८ मीटरवरच्या इमारतींत, आणि सगळ्यांनी एकाच वेळी बाहेर पडायचं ठरलेल्या ११ मीटरवरच्या इमारतींतही, अशा रहिवाशांची विचारपूस करून त्यांच्यासाठी योजना करण्याची जबाबदारी इमारतीच्या जबाबदार व्यक्तीवर आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना पहिल्याच दिवशी लिफ्ट नव्हे, जिना दाखवा आणि तळमजल्यापर्यंत एकदा सोबत उतरून या. ९९९ हा नंबर, इमारतीचं नाव, फ्लॅट नंबर आणि पोस्टकोड मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. इंग्रजी उच्चारांची धास्ती असेल तर पोस्टकोड एक एक अक्षर करून फोनवर कसा सांगायचा, तेही त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या.